शंभर टक्क्यांवर पाहिलेला फोटो

सुंदर फोटो कसा काढावा हे या पुस्तकात कुठंही सांगितलेलं नाही. त्यावर मराठीत पुस्तकं आहेत, कार्यशाळा होतात, आणि ज्याच्याकडे नजर आहे त्याचं त्यांच्यावाचून फारसं अडतही नाही. इथला प्रश्न जरा रुक्ष आहे. तुमच्या हार्डडिस्कवर पडून असलेला, मित्रांनी वाखाणलेला, कदाचित स्पर्धेत बक्षीसही मिळवलेला फोटो तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक एजन्सीच्या तपासणीत का नापास होतो, आणि तो पास व्हावा म्हणून काय करता येतं, एवढाच या पुस्तकाचा विषय.

मी या व्यवहारात आलो तो विकत घेणाऱ्याच्या बाजूनं. मासिकांची आणि जाहिरातपत्रकांची पानं लावताना हवा तो फोटो शोधणं हे माझं काम होतं. त्या खुर्चीवरून फोटो फार निराळा दिसतो. भातलावणीचा फोटो हवा म्हणून शोध घेतला की शे-दोनशे फोटो समोर येतात आणि त्यांतले निम्मे देखणे असतात. मग देखणेपणावर निवड होतच नाही. डावीकडे मथळ्याला जागा आहे का, उभा कापला तर बाईचा हात तुटेल का, पानभर छापला तर फुटेल का, मागच्या ट्रॅक्टरवर कंपनीचं नाव दिसतंय का, त्या बाईंची सही घेतलेली आहे का, असे प्रश्न पडतात. फोटो काढणाऱ्याला यांपैकी एकही प्रश्न त्या वेळी सहसा पडलेला नसतो.

लग्नाचे फोटो काढताना गिऱ्हाईक समोर असतं, अल्बमचं माप ठरलेलं असतं. बातमीचा फोटो कुठल्या दैनिकात जाणार हे ठाऊक असतं. स्टॉकचा फोटो मात्र मागणी यायच्या आधीच काढून ठेवलेला असतो. कोण घेणार, कशासाठी, केवढा छापणार, काहीच माहीत नसतं. मुळशीच्या भातखाचरांचा तोच फोटो एखाद्या बँकेच्या ॲपमध्ये नखाएवढा दिसेल, खतकंपनीच्या वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ होईल, नाहीतर प्रदर्शनात भिंतभर लागेल. एजन्सीचे नियम कितीही किचकट, कधीकधी तर मूर्खपणाचे वाटले, तरी ते या अज्ञानातून निघालेले आहेत. वापर माहीत नाही, म्हणून फोटो कुठल्याही वापराला टिकला पाहिजे. एवढं डोक्यात बसलं की नियमावली पाठ करावी लागत नाही. त्यातले बरेचसे नियम आपले आपल्यालाच सुचतात.

तयार फोटोंचा धंदा डिजिटल कॅमेऱ्याबरोबर आला असं अनेकांना वाटतं. पण १८६३ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युएल बोर्न या फोटोग्राफरनं आपल्या दृश्यांना क्रमांक दिले होते आणि त्यांची छापील यादी असे. क्रमांक कळवला की प्रिंट मिळे. अमेरिकेत एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी फिलाडेल्फियात १९२० मध्ये एजन्सी काढली, ती आजच्या अर्थानं पहिल्या स्टॉक एजन्सींपैकी एक मानली जाते. नाझी जर्मनीतून १९३५ मध्ये बाहेर पडलेले ओट्टो बेटमान ट्रंका भरून चित्रं घेऊन न्यूयॉर्कला पोचले आणि त्यांतून बेटमान आर्काइव्ह उभं राहिलं. पुढं कित्येक दशकं हा धंदा मोजक्या व्यावसायिकांचा होता. एजन्सी आधी माणूस पारखून घेई. मग त्याच्या स्लाइड लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून बघितल्या जात.

हे चित्र २००० मध्ये बदलायला लागलं. कॅनडात कॅलगरीला ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केलं. २००३ मध्ये न्यूयॉर्कला जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे ३०,००० फोटोंवर शटरस्टॉक उभं केलं. फोटो स्वस्त झाले आणि दार सगळ्यांना उघडं झालं. पण दार उघडताना चाळणी काढून टाकलेली नव्हती. पूर्वी माणूस पारखला जाई, आता प्रत्येक फाइल पारखली जाते. सातारच्या स्टुडिओवाल्याला आणि न्यूयॉर्कच्या जाहिरात-फोटोग्राफरला एकच खिडकी. ही समानता चांगली आहे, पण त्यात तुमची आजवरची पुण्याई काही कामाला येत नाही.

फोटो कोणत्याही वापराला टिकणं म्हणजे काय याचं एक उदाहरण बहुतेक वाचकांनी पाहिलेलं आहे, फक्त ते स्टॉकचं आहे हे माहीत नसेल. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. चार्ल्स ओ'रिअर यांनी तो फोटो जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात रस्त्याकडेला थांबून काढला. एरवी तिथं द्राक्षांचे मळे असायचे. मुळांना लागणाऱ्या किडीमुळे वेली उपटल्या होत्या, म्हणून टेकडी नुसती गवताची राहिली होती. कॅमेरा मामिया आरझेड६७, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा कितीतरी मोठी फिल्म. रंग मागून वाढवलेले नाहीत असं ओ'रिअर सांगत आले आहेत. मायक्रोसॉफ्टनं २००० मध्ये त्याचे हक्क घेतले. त्या फोटोत घडत काही नाही, आणि मला वाटतं त्याच्या यशात याचा वाटा मोठा आहे: वर फाइलींची चित्रं ठेवा, अक्षरं ठेवा, तो तक्रार करत नाही. आपल्याकडचे फोटोग्राफर चौकट भरण्यात पटाईत असतात. रिकामी जागा ठेवायला त्यांचा हात धजत नाही.

आता मूळ विषयाकडे. आकाराचा नियम सगळ्यांत सोपा. शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉक किमान ४ मेगापिक्सेल मागतात. ३०० डीपीआयनं छापला तर एवढ्याचा साधारण ८ बाय साडेपाच इंचांचा छाप निघतो. अलामी ही ब्रिटिश एजन्सी १७ एमबी मागते आणि इथं नवखे घाबरतात, कारण त्यांची जेपीईजी फाइल ५ एमबीची असते. हे १७ एमबी फाइल उघडल्यानंतरचे. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट. ३००० बाय २००० चा फोटो म्हणजे ६० लाख पिक्सेल, १ कोटी ८० लाख बाइट, म्हणजेच १७ एमबीहून थोडे जास्त. आज खिशातल्या मोबाईललाही हे जड नाही. त्यामुळे आकारावर नापास होणारे फोटो कमी, आणि जे होतात ते बहुधा बेसुमार क्रॉप केल्यामुळे.

खरी गाठ पडते ती शंभर टक्क्यांवर. म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. साध्या मॉनिटरवर १९२० पिक्सेल मावतात. तेव्हा शंभर टक्क्यांवर फोटोच्या रुंदीचा तिसरा हिस्साही एका वेळी दिसत नाही. तपासणारा असाच सरकत सरकत बघतो. आपण मात्र आपला फोटो नेहमी लहान करून बघतो, मोबाईलवर तर वीसपट लहान. लहान करताना अनेक पिक्सेलांचा मिळून एक होतो आणि हललेला हात, चुकलेला फोकस, दाणेदार आभाळ, सगळं पोटात घातलं जातं. मित्रांची दाद खोटी नसते. त्यांनी दुसराच फोटो पाहिलेला असतो.

फोकस म्हटलं की लोक लेन्सला दोष देतात. माझ्या अनुभवात मऊ पडलेल्या फोटोंमागे बहुतेकदा शटर स्पीड असतो. २०० मिलिमीटरच्या लेन्सला १/२०० सेकंद, हा जुना ठोकताळा फिल्मच्या काळातला, हातात धरून बघायच्या छोट्या प्रिंटसाठीचा. एपीएस-सी सेन्सरवर तोच १/३०० होतो, आणि शंभर टक्क्यांवर बघायचं असेल तर त्याच्याही दुप्पट वेग ठेवलेला बरा. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय तुमचा हात सांभाळते. टाळ वाजवणाऱ्या वारकऱ्याचा हात ती सांभाळत नाही.

दुसरं कारण जास्त हुशारीतून येतं. सगळं पुढून मागपर्यंत स्पष्ट यावं म्हणून ॲपर्चर एफ २२ ला नेऊन ठेवतात. छिद्र लहान झालं की प्रकाश त्याच्या कडेशी पसरतो, आणि बिंदूचा बिंदू न राहता ठिपका होतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ ८ ला हा ठिपका सुमारे ११ मायक्रॉनचा, एफ २२ ला जवळजवळ ३० मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवरचा पिक्सेल ४ मायक्रॉनच्याही आतला. म्हणजे एफ २२ ला प्रत्येक बिंदू सात-आठ पिक्सेलांवर सांडलेला. कितीही महागडी लेन्स असली तरी हे टळत नाही, कारण हा प्रकाशाचाच स्वभाव आहे. एफ ५.६ ते एफ ११ च्या दरम्यान राहावं, आणि खोली कमी पडली तर जागा बदलावी.

नॉइजबद्दलही असाच एक गैरसमज आहे: आयएसओ वाढवला की नॉइज 'येतो'. आयएसओनं फक्त आवाज मोठा होतो. मुळात कमी पडलेला असतो तो प्रकाश. प्रकाश कणाकणानं येतो, आणि एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडणार असतील तर प्रत्यक्षात कधी ९०, कधी ११० पडतात, म्हणजे १० टक्क्यांचा फरक. १०,००० कण पडले तर फरक १०० चा, एकच टक्का. आयएसओ १०० वरून ३२०० ला जाणं म्हणजे सेन्सरला ३२ व्या हिश्श्याचा प्रकाश देणं, आणि खडबडीतपणा साडेपाच पटींहून जास्त वाढवणं. आषाढाच्या वारीत हे नेमकं आडवं येतं. ढगाळ उजेड चेहऱ्यांना फार चांगला, सावल्या काळ्या पडत नाहीत, पांढरे सदरे उडत नाहीत. पण उजेड कमी, माणसं चालती, लेन्स लांबची. शटर वेगात ठेवला की आयएसओ चढतो. इथं दोन वाईटांतून एक निवडायचं असेल तर नॉइज पत्करावा. दाणा मागून थोडा तरी कमी करता येतो. हललेला फोटो सरळ करणारं सॉफ्टवेअर मी अजून पाहिलेलं नाही. जी आहेत ती चेहऱ्याच्या जागी दुसराच चेहरा रंगवून ठेवतात.

आणि काळोखा काढून मागून उजळवलेला फोटो हा आयएसओ वाढवण्याचाच आडमार्ग आहे, त्याहून वाईट. हिस्टोग्राम उजवीकडे नेता येईल तेवढा न्यावा, पण पांढरा सदरा, चांदीची भांडी, दुधाचा पेला यांतला तपशील उडू देऊ नये. जिथं काहीच नोंदलं गेलं नाही, तिथून रॉ फाइलही काही परत आणू शकत नाही.

नॉइजवर आणि मऊपणावर एक सरळ उपाय आहे आणि तो कमीपणाचा समजला जातो हे नवल. फोटो लहान करा. ६००० बाय ४००० चा ३००० बाय २००० केला की चार पिक्सेलांची सरासरी होऊन एक बनतो, नॉइज निम्म्यावर येतो, बारीकसा मऊपणाही झाकला जातो, आणि तरीही फोटो ६ मेगापिक्सेलचा, म्हणजे सगळ्यांच्या किमान मापाच्या वर राहतो. मोठ्या फाइलला जास्त पैसे मिळतील या आशेनं लोक हे टाळतात आणि फोटो नापास करून घेतात. उलट दिशेनं, म्हणजे लहान फोटो ताणून मोठा करण्याच्या वाटेला जाऊच नये. आणि फोकस डोळ्याऐवजी कानावर पडला असेल तर तो लहान करूनही कानावरच राहील, हेही सांगितलेलं बरं.

धुळीचे डाग आणि काठांवरची जांभळी झालर या दोन गोष्टी किरकोळ वाटतात, पण तपासणाऱ्याला त्या आधी दिसतात, कारण त्या आभाळात असतात आणि आभाळ रिकामं असतं. झालर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका खुणेनं जाते. डागांसाठी मात्र तांदूळ निवडायला बसल्यासारखं एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीनं शेवटपर्यंत जायचं. इथं घाई चालत नाही. अलामीची पद्धत तर अशी की एका गठ्ठ्यातला एक फोटो नापास झाला की अख्खा गठ्ठा परत.

आता सवयींबद्दल बोलायला हवं, आणि ते काहींना लागेल. आपल्याकडच्या बहुतेक फोटोग्राफरांचा हात लग्नाच्या अल्बमवर बसलेला आहे. त्या कामात नवरीला दोन छटा गोरं करणं, गालावरचं सगळं पुसून मेणासारखं करणं, शालूचा लाल भडकवणं, कोपरे काळे करणं, हे गिऱ्हाईकच मागतं. स्टॉकमध्ये याच गोष्टींवर फोटो परत येतो, आणि माझ्या मते बरंच होतं. एजन्सीला त्वचेला छिद्रं हवी असतात. तिला न भडकवलेला रंग हवा असतो, कारण भडकवायचं की नाही हे पुढं घेणारा ठरवणार आहे. धार वाढवण्याचंही तसंच: वृत्तपत्राच्या कागदाला वेगळी धार लागते, आर्ट पेपरला वेगळी, मोबाईलला वेगळी. आपण आधीच कडांभोवती पांढऱ्या रेघा उमटवून ठेवल्या तर त्या काढता येत नाहीत. अलामी म्हणूनच फोटोला धार लावू नका असं सांगते. या धंद्यात फोटो सुधारणं म्हणजे पुष्कळदा हात आवरणं.

पण हात आवरायलाही आधी खरा रंग दिसावा लागतो. मॉनिटर दुकानातून येतो तोच डोळे दिपवणारा. त्यावर बघून नीट केलेला फोटो दुसरीकडे काळवंडतो, आणि आपण एजन्सीला नावं ठेवतो. मॉनिटरची प्रखरता उतरवून, कॅलिब्रेटर लावून तो ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर आणणं हा खर्च नव्या लेन्सच्या आधी करावा. कलर स्पेस शेवटी एसआरजीबी ठेवावी. ॲडोबी आरजीबीमधला फोटो अनेक ब्राउझरांत आणि ॲपमध्ये फिका पडतो. जेपीईजी एकदाच, सगळ्यांत वरच्या दर्जात काढावी. तीच फाइल उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन आभाळात दिसायला लागतात.

घरातल्या स्वयंपाकाचे फोटो हा आपल्याकडचा सगळ्यांत दुर्लक्षित साठा आहे असं मला वाटतं. पुरणपोळी, थालीपीठ, अळूची भाजी, उकडीचे मोदक यांचे नीट फोटो हवे असणारे लोक आहेत, आणि हे पदार्थ घरीच होतात. अडतं उजेडावर. खिडकीतून दिवसाचा निळसर प्रकाश, वरून दिव्याचा पिवळा; पोळीची एक बाजू एका रंगाची, दुसरी दुसऱ्या. व्हाइट बॅलन्स एकाच बाजूचा सुधारतो. दिवा बंद करावा, ताट खिडकीशी आणावं, पलीकडून पांढरी कार्डशीट उभी करावी. दिवा लावणं भागच असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि वेगळ्या वेगावर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. मागं तुपाच्या बरणीवरचं नाव दिसू देऊ नये.

त्या नावावरून पुढचा भाग, ज्यात तंत्र संपतं आणि कागदपत्रं सुरू होतात. फोटो दोन वाटांनी विकला जातो: व्यापारी वापरासाठी किंवा संपादकीय वापरासाठी. व्यापारी फोटोतल्या प्रत्येक ओळखू येणाऱ्या माणसाची सही लागते, अल्पवयीन असेल तर आईवडिलांची किंवा पालकाची. कंपन्यांची नावं, बोधचिन्हं पुसावी लागतात. संपादकीय फोटोला सह्या लागत नाहीत, पण त्यातलं काहीही पुसायचं नाही; बोर्डावरचं नाव खोडलं तर तोच फोटो नापास. एकाच फोटोला दोन उलट्या शिस्ती लागू होतात, आणि कोणती लावायची हे फोटो काढण्याच्या आधी ठरलेलं असावं. वारीतल्या हजारो चेहऱ्यांच्या सह्या कोण घेणार? ती संपादकीयच जायची, गाव, देश आणि तारीख घालून.

इमारतींचं आणखी गुंतागुंतीचं आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा वास्तूचा फोटो काढून प्रसिद्ध करायला मोकळीक देतो, सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या पुतळ्याचाही. भिंतीवरच्या चित्राला ती मोकळीक नाही, तेव्हा मॉडेलच्या मागची हयात कलावंताची वारली चित्राची भिंत अडचण करू शकते. पण कॉपीराइट सुटला तरी ट्रेडमार्क उरतो. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या रूपाची ट्रेडमार्क म्हणून २०१७ मध्ये नोंदणी झाली, भारतातल्या इमारतीची अशी पहिलीच. अपोलो बंदरावरून काढलेला फोटो व्यापारी विभागात टाकताना हे आठवावं. एजन्सी बहुधा कायद्याहूनही कडक असते, कारण तिला तो फोटो अनेक देशांत विकायचा असतो.

स्टुडिओ चालवणाऱ्यांसाठी याच कायद्यातलं सतरावं कलम मी मुद्दाम सांगतो, कारण ते फारच थोड्यांना माहीत असतं. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही काढलेले लग्नाचे हजारो फोटो तुमच्या हार्डडिस्कवर असले तरी ते विकायचा हक्क तुमच्याकडे असेलच असं नाही. हार्डडिस्क उघडण्याआधी करारपत्र उघडावं.

सहीबद्दल माझं मत नियमाच्या पुढं जातं. फॉर्म इंग्रजीत असतो. बांधावर उभ्या शेतकऱ्याला 'इथं सही करा दादा' म्हणून तो उरकता येतो, आणि एजन्सीला त्यातलं काही कळत नाही. पण तो चेहरा उद्या कर्जाच्या जाहिरातीत, विम्याच्या पत्रकात, कुठल्याशा परक्या भाषेतल्या मासिकात लागणार आहे. हंगेरीचे निवृत्त विद्युत अभियंते आंद्राश आरातो यांनी स्टॉकसाठी हसरे फोटो काढून दिले, आणि दुःख दडवून हसणारा म्हातारा म्हणून त्यांचा चेहरा जगभर विनोदाचा विषय झाला. त्यांनी पुढं ते मजेत स्वीकारलं. प्रत्येकाला ते जमावं अशी अपेक्षा करता येत नाही. फॉर्म मराठीत वाचून दाखवावा, फोटो कुठंही लागू शकतो हे स्पष्ट सांगावं, आणि समोरचा अडखळला तर फोटो सोडून द्यावा.

कीवर्ड आणि मथळे हे काम फोटोग्राफरांना सगळ्यांत कंटाळवाणं वाटतं, आणि आपल्याला खरा फायदा इथंच आहे. ॲडोबी स्टॉक ४९ पर्यंत कीवर्ड घेतं आणि पहिल्या दहांना जास्त वजन देतं. शटरस्टॉक ७ ते ५०. जागा आहे म्हणून 'सुंदर', 'आनंद', 'भारत' भरत बसण्यात अर्थ नाही. कासच्या पठारावरचा पिवळा गालिचा नुसता 'पिवळी फुलं' म्हणून टाकला तर जगातल्या सगळ्या पिवळ्या फुलांत हरवतो. सोनकी, तिचं सेनेसिओ बॉम्बेएन्सिस हे शास्त्रीय नाव, सातारा, सप्टेंबर, पश्चिम घाट, जागतिक वारसा, एवढं लिहिलं तर वनस्पतींवर पुस्तक करणारा थेट तिथं पोचतो. कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. तिचं नाव चुकवणं म्हणजे सात वर्षांचं नुकसान. पुरणपोळीला पराठा, नऊवारीला नुसती साडी, गुढीला सजावटीची काठी म्हणणारा माणूस दूर कुठंतरी बसून हेच फोटो विकत असतो. नाव बरोबर घालणं तुम्हाला फुकट जमतं.

पैशाबद्दल थोडक्यात. ॲडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के हिस्सा देतं. शटरस्टॉकनं जून २०२० पासून ठेवलेली किमान रक्कम एका डाउनलोडला १० सेंट आहे. घर चालेल अशा आशेनं कुणी यात उतरू नये. त्यातच यंत्रानं तयार केलेल्या चित्रांची गर्दी आहे. गेटी इमेजेस या एजन्सीनं ती सप्टेंबर २०२२ मध्ये नाकारली, ॲडोबी स्टॉकनं त्याच वर्षाअखेरीस तशी खूण करण्याच्या अटीवर घ्यायला सुरुवात केली. कार्यालयात हसणारी, कुठल्याच गावची नसलेली माणसं आता यंत्र बनवतं आणि पुढंही बनवील. चुलीवरच्या भाकरीला पापुद्रा कुठं सुटतो, हे मात्र त्याला अजून धड जमत नाही. तिथंच आपल्या कॅमेऱ्याला जागा आहे.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल फार सांगत नाही. पहिली चार प्रकरणं कॅमेरा हातात असतानाची, पुढची तीन संगणकासमोरची, शेवटची दोन कागदपत्रांची आणि शब्दांची. मी जाणूनबुजून कॅमेऱ्याला जास्त पानं दिली आहेत. संगणकावर दहा मिनिटांत जे अर्धवट सुधारतं, ते शटर दाबण्याआधी दोन सेकंदांत पूर्ण सुधारलेलं असतं. सॉफ्टवेअरच्या खिडक्यांची चित्रं टाळली आहेत. पुस्तक छापून होईपर्यंत बटणांच्या जागा बदलतात.

ज्यांना क्रमानं वाचायचं नाही त्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यातला पहिला प्रयोग सेन्सरवरच्या धुळीचा आहे: ॲपर्चर एफ १६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, खिडकीशी धरलेल्या पांढऱ्या कोऱ्या कागदाचा एक फोटो काढायचा आणि तो संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडून डावीकडून उजवीकडे बघत जायचं. काळे ठिपके दहाच्या वर निघाले तर आधी सेन्सर साफ करून आणा, मग पुढचं प्रकरण वाचा.